बंद इंजिनाचा आवाज

सावरखेड्यात तेव्हा वीज कानानं कळायची. आजच्या पोरांना हे सांगितलं तर हसतात. हसू द्या. गावाच्या मावळतीला, जिनिंगच्या मागं, टिनाच्या छपराखाली एक विलायती डिझेल इंजिन होतं. दिवेलागणीला ते सुरू व्हायचं, ठक् ठक् ठक्, आणि गावातले साडेतीनशे दिवे पेटायचे. ते थांबलं की गाव पुन्हा कंदिलावर. जिनिंगच्या हंगामात दिवसाही चालायचं. आवाज आहे तर वीज आहे, आवाज नाही तर नाही. बायका चुलीपुढं बसून सांगायच्या, "आज इंजिन खोकून राह्यलं वो, दिवे बारीक होतीन." आणि व्हायचेच.

इंजिन चालवायचा मोहिउद्दीन मिस्त्री. यवतमाळच्या लोहाराचा पोरगा, पन्नाशी उलटलेला, तोंडानं फटकळ. इंजिनाला तेल पाजल्याशिवाय स्वतः चहा पीत नसे. त्याची बायको जैबुनबी रोज संध्याकाळी डबा घेऊन यायची आणि दारातूनच विचारायची, "क्यों जी, मेरी सौत का पेट भरा क्या? तो अब आप भी खाव." मिस्त्री हसायचा नाही, पण डबा उघडायचा. मूलबाळ नव्हतं. अकरा वर्षं त्यानं ते इंजिन एकट्यानं सांभाळलं.

एकट्यानं म्हणजे इंजिन. तारा सांभाळायचा भावसिंग.

भावसिंग अर्ध्या कोसावरच्या तांड्यातला, बंजाऱ्याचा पोरगा. आला होता तो खांबांचे खड्डे खणायला. दोर अडकला म्हणून अनवाणीच सरसर लोखंडी खांबावर चढला आणि दोर सोडवून खाली आला, तेव्हा मिस्त्रीनं त्याची मानगूट धरली. म्हणाला, "अबे, तू खड्डे काहून खणून राह्यला? उद्यापासून माह्यासंग ये." अशी त्याची नोकरी लागली. कागद-बिगद कोणी विचारला नाही.

दुसऱ्याच दिवशी त्याची बायको सुखीबाई इंजिनघराच्या दारात येऊन उभी. आरशांची काचोळी, कोपरापर्यंत बलियांच्या बांगड्या, आणि कपाळावर आठी. तिनं मोहिउद्दीनला सरळच विचारलं.

"मिस्तरी, तारेत जीव घेनारं हाये म्हन्तेत. ह्या मानसाले काई झालं त मी कोनाले इचारू?"

"मले इचार," मोहिउद्दीन म्हणाला. "इंजिन माह्या हातात हाये. इंजिन चुप केल्याबिगर मी त्याले खंब्याले हात लावू देनार नाई."

त्या दिवसापासून दोन गोष्टी ठरल्या. पहिली, लाईनवर काम करणाऱ्यानं दारूला शिवायचं नाही. ती भावसिंगनं आधीच पाळलेली होती. त्याचा बाप दारू पिऊन विहिरीत पडून मेला, आणि त्यानं आपल्या आईच्या, याडीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती की मी थेंब घेणार नाही. दुसरी गोष्ट इंजिनाची. कुठं तार तुटली, कुठं चिनीमातीचा कप फुटला, की भावसिंग सकाळी मिस्त्रीला सांगून ठेवायचा आणि जाऊन खांबाखाली बसायचा. मिस्त्री सोयीनं इंजिन थांबवायचा. आवाज थांबला की भावसिंग चढायचा. आणि काम आटपून तो स्वतः इंजिनघरात येऊन समोर उभा राहिल्याशिवाय मिस्त्री इंजिनाला हात लावायचा नाही, मग जिनिंगचा शेठ का बोंबलेना. चिठ्ठी नाही, घंटी नाही, निरोप्या नाही. अकरा वर्षांत भावसिंगला साधा झटका बसला नाही.

मग चौसष्ट साली मोठी लाईन आली.

दूर कुठं तरी कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेवर चाक फिरतं, आणि ती वीज उंच मनोऱ्यांवरून शेकडो मैल चालत येते, असं मास्तरांनी चावडीवर समजावून सांगितलं. आपल्याच वणीकडचा कोळसा वॅगनीत बसून बाहेर जातो आणि वीज होऊन परत येतो, असंही कोणी म्हणालं. भावसिंगला याचं भारी हसू आलं. "आमचे बापदादे बैलाच्या पाठीवर मीठ घालून मुलूख हिंडत. आता हे तार कोयसा वाहून राह्यली. धंदा त आमच्या गोरमाट्याचाच, बंजाऱ्याचाच झाला ना, मिस्तरी! फक्त बैल नाईत."

मोहिउद्दीनला हसू आलं नाही. इंजिनघराच्या शेजारी विटांची नवी खोली उठली. तिच्यात भिंतीएवढा स्विचबोर्ड, आणि बोर्डापुढं खुर्चीवर अमरावतीहून शिकून आलेला बाबुलाल. चोवीस वर्षांचा, इस्त्रीची पँट, खिशाला दोन पेनं. वाईट नव्हता पोरगा, पण कागदाबाहेर त्याला काही दिसत नसे. त्यानं नवा नियम सांगितला. लाईनवर चढायचं असेल तर आधी चिठ्ठी भरायची, मग तो स्विच पाडून लाईन बंद करणार, चिठ्ठीवर शिक्का मारणार, मग चढायचं.

भावसिंग अंगठेबहाद्दर. त्याला चिठ्ठीचा मनस्वी कंटाळा.

"अबे, आता कान सोड अन् चिठ्ठी धर," मोहिउद्दीन त्याला दहा वेळा म्हणाला असेल. "आता वीज माह्या हातात नाई. मी चुप झालो त बी तार जित्ती राह्यते. समजलं का?"

"समजलं ना बाप्पा. पन कान माहे हायेत, चिठ्ठी त्या पोट्ट्याची हाये."

आणि खरं सांगायचं तर दोष त्याचा एकट्याचा नव्हता. मोठी लाईन सुरुवातीला महिन्यातून चारदा जायची. ती गेली की बाबुलाल घाम पुसत इंजिनघरात यायचा, "मिस्त्री, लावा तुमचं," आणि मोहिउद्दीन छाती फुगवून इंजिन लावायचा. मग त्या दिवशी गाव पुन्हा इंजिनावर, आणि भावसिंग पुन्हा कानावर. म्हणजे जुनी सवय मेली नाही. उलट वर्षभर तिला पाणीच मिळत राहिलं. मोहिउद्दीनला हे दिसत होतं. या पोराला तारेवर चढवलं आपण, त्याचा जीव आता आपल्या हातात राहिला नाही, आणि त्याला मात्र वाटतं की आहे. जैबुनबीला तो म्हणायचा, "उसके कान कौन बंद करेगा?"

पासष्टच्या फेब्रुवारीत हुकूम आला. मोठी लाईन आता पक्की झाली, इंजिनाची गरज नाही. एक तारखेपासून इंजिन बंद समजावं, तेलाचा साठा निरंक दाखवावा, मशीन भंगाराच्या व्यापाऱ्याला द्यावं. यवतमाळहून साहेब आले, चाकाला लाखेचा शिक्का लावून गेले. ट्रक येणार होता अकरा तारखेला, गुरुवारी. मोहिउद्दीनला चौकीदार म्हणून ठेवलं, तेही मेहेरबानी म्हणून.

दहा तारखेच्या बुधवारी सकाळी भावसिंग इंजिनघरात आला. मोहिउद्दीन चिंध्या घेऊन चाक पुसत बसला होता. उद्या भंगारात जाणारं चाक!

"मिस्तरी, तांड्याजवळच्या खंब्यावरचा कप तडकला. आज बदलतो. दुपारी बंद करून द्याजा."

"बाबुलालची चिठ्ठी घे ना."

"थो दहा वाजल्याबिगर येते का? मले तांड्यावर जाऊन समान काढा लागते. तुमीच सांगून द्या त्याले."

"हौ, सांगतो," मोहिउद्दीन म्हणाला. मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

आणि विसरला. यात काही गूढ नाही, साधं विसरला. बाबुलाल दहाला आला, मोहिउद्दीनसमोरून गेला, "काय मिस्त्री, आज शेवटचा दिवस" असं बोललाही. मोहिउद्दीनच्या मनात त्या वेळी एकच गोष्ट घोळत होती. टाकीच्या तळाला तीन-चार बादल्या तेल होतं, कागदावर नसलेलं. हवेच्या बाटलीत एकदा इंजिन सुरू करण्याइतकी दाबलेली हवा होती. अकरा वर्षं जे जनावर आपण पोसलं ते मुकं होऊन भंगारात जाणार, हे त्याला सोसवेना. एकदा ऐकावं. एकदाच. मग खुशाल नेवोत.

बाराच्या सुमारास त्यानं लाखेचा शिक्का तोडला. डायनामोचा पट्टा आधीच काढून ठेवलेला होता, म्हणजे इंजिन नुसतंच फिरणार, वीज कुठंच जाणार नाही, कुणाचं नुकसान नाही, असा त्यानं विचार केला. हवेचा कॉक उघडला. इंजिनानं एक मोठा हुंकार दिला, काळा धूर सोडला, आणि चाललं. ठक् ठक् ठक्. टिनाचं छप्पर थरथरलं. जिनिंगमधले हमाल बाहेर येऊन बघायला लागले. बाबुलाल धावत आला.

"मिस्त्री! काय करता हे? सील तोडलं तुम्ही? मोठी लाईन चालू आहे, कशाला लावलं?"

"पंधरा मिनटं दे बेटा," मोहिउद्दीन म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "कोनाले सांगू नोको."

बाबुलालनं इकडंतिकडं पाहिलं आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. पंधरा मिनिटं म्हटलं होतं, अर्धा तास झाला. मग मोहिउद्दीननं स्वतःच्या हातानं तेल बंद केलं. ठोके लांब लांब पडत गेले, चाक दोनदा आळसावून फिरलं आणि थांबलं. तो तिथंच फरशीवर बसून राहिला. खूप दिवसांनी जीव हलका झाल्यासारखं त्याला वाटलं. खोटं कशाला बोला, त्याला सुखच झालं.

जैबुनबीनं आणलेली भाकरी त्यानं मोडली असेल-नसेल, तेवढ्यात तांड्याकडून एक माणूस सायकल टाकून ओरडतच आला. "बंद करा! अबे लाईन बंद करा! भावसिंग खंब्यावर चिकटला!"

बाबुलालनं झटकन स्विच पाडला. मोहिउद्दीन भाकरी हातात घेऊन उभा राहिला.

"कवा?" त्यानं विचारलं.

"आत्ताच. इंजिन थांबलं अन् थो चढला."

मोहिउद्दीनच्या हातून भाकरी पडली. कुणाला काही समजावून सांगायची गरज त्याला उरली नाही. भर दुपारी इंजिन लागलं म्हणजे मोठी लाईन गेली, असं भावसिंगनं धरलं. अन् इंजिन थांबलं म्हणजे मिस्तरीनं आपल्यासाठी थांबवलं. सकाळी सांगून ठेवलं होतंच. यात चुकीचं काय होतं? अकरा वर्षं असंच तर चाललं होतं.

साहेब दुसऱ्या दिवशी जीपमधून आले. खांब पाहिला, तांडा लांबूनच पाहिला. भावसिंगला तोवर माती दिलेली होती. बाबुलालला विचारलं, चिठ्ठी होती का? नव्हती. मग लाईन चालू असताना माणूस खांबावर चढतोच कसा? साहेबांनी एका झोपडीमागं मोहाच्या दारूची रिकामी बाटली पाहिली होती. तांडा म्हटल्यावर बाटली दिसणारच, कोणाची का असेना. त्यांनी लिहून घेतलं की मयत इसम दारूच्या नशेत, परवानगी न घेता खांबावर चढला. मोहिउद्दीन कोपऱ्यात उभा होता. त्याला कोणी काही विचारलं नाही आणि तोही बोलला नाही. तो घाबरला होता. शिक्का तोडला, तेल जाळलं, निरोप दिला नाही, आणि माणूस मेला; यातलं एकेक तुरुंगात घालायला पुरेसं आहे, असं त्याला वाटत होतं. ट्रकचं टायर वणी रस्त्याला फुटलं म्हणून तो आला नाही. इंजिन जिथल्या तिथं होतं. मोहिउद्दीन त्याच्याकडं पाठ करून बसायचा.

शनिवारी त्यानं जैबुनबीला सगळं सांगितलं. ती आधी घाबरली, म्हणाली, "चुप बैठो. किसी को कुछ मालूम नहीं. फाँसी लगाएँगे तुमको." मग चुलीतली लाकडं मागंपुढं करत बराच वेळ बसली. मग म्हणाली, "मेरे से नहीं होता जी. कल उसकी औरत मेरे सामने आई तो मैं उसको क्या मुँह दिखाऊँ? जाव. पहले उसको बोलो."

रविवारी सकाळी तो तांड्यावर गेला. सुखीबाई अंगणात बसली होती, हातातल्या बलिया उतरवलेल्या, मनगटांवर पांढरे वळ. झोपडीच्या आत भावसिंगची आई, जमनाबाई, भिंतीकडं तोंड करून पडली होती. तांड्याचा नायक भीमसिंग बाजेवर होता. त्यानं रामराम घेतला, पण बस म्हणाला नाही.

सुखीबाईनंच बोलायला सुरुवात केली. तिचा आवाज बसला होता. "म्या भाकर घेऊन खंब्याखाली बसलो होतो. इंजिन लागलं तं ते म्हन्ले, मोठी लाईन गेली वाटते. मंग बंद झालं. तं हासले. म्हन्ले, पाह्य, मिस्तरी इसरला नाई. अन् चढले."

मोहिउद्दीन मातीतच बसला. त्यानं सांगून टाकलं. थांबत थांबत सांगितलं, पण काही ठेवलं नाही. निरोप दिला नाही ते सांगितलं. इंजिन आपल्या हौसेसाठी लावलं ते सांगितलं. भीमसिंग बाजेवरून उठून उभा राहिला. सुखीबाईनं त्याला हातानं थांबवलं.

"तुमी इसरले," ती म्हणाली.

"हौ."

"बस, इसरले?"

"हौ बाई. इसरलो."

तिनं शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं झोपडीकडं बोट दाखवलं.

"त्या बुढीनं बुधवारपासून घास घेतला नाई. साहेब म्हन्ला ना, दारू पेला होता. तिच्या डोक्यावर हात ठेवून शपत घेतली होती त्यानं. बुढी म्हन्ते, पोरानं शपत मोडली म्हनून मेला. म्या लाख सांगतलं, नाई पेला म्हनून. ते म्हन्ते, सरकार खोटं लिहिन का? तू त्याची बायको हायेस, तू झाकशीनच." ती म्हणाली, "मले तुमाले काई करायचं नाई, मिस्तरी. मानूस त गेला. पन त्या कागदावरची दारू पुसा. बुढी अशीच मरन."

"पुसतो," मोहिउद्दीन म्हणाला. "उद्या साहेब येनार हाये. मी समदं सांगतो. जेलात जाईन, पन सांगतो."

आणि त्यानं सांगितलं. हे त्याच्या नावावर लिहून ठेवा, कारण माणूस भित्रा होता आणि तरी त्यानं सांगितलं. सोमवारी साहेब विटांच्या खोलीत बसले होते, समोर टंकलेला मराठी अहवाल, साक्षीदार म्हणून दोन सह्यांची जागा. बाबुलालची सही झालेली होती. मोहिउद्दीन आत गेला, टोपी काढली, आणि उभ्यानं सगळं बोलला. साहेबांनी मध्येच थांबवलं नाही. शेवटपर्यंत ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"मिस्त्री, इंजिन कोणत्या तारखेपासून बंद आहे?"

"हुकूम एक तारखेचा हाये, साहेब. पन मी दहाले लावलं."

"एक तारखेपासून बंद आहे. तेल निरंक आहे. तेल नाही, शिक्का आहे, मग इंजिन लागलं कसं?"

"शिक्का मी तोडला ना साहेब. हमालांनी पाह्यलं. तांड्यानं ऐकलं. ह्यानं पाह्यलं!" त्यानं बाबुलालकडं हात केला.

बाबुलाल बूट बघत उभा होता. त्याच्या खिशातली पेनं खाली-वर होत होती, इतका त्याचा श्वास चालला होता. पण मान त्यानं वर केली नाही.

साहेब वाईट माणूस नव्हते, हीच तर पंचाईत. वाईट असते तर त्यांनी मोहिउद्दीनला धरून नेलं असतं आणि सगळं कागदावर आलं असतं. ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, "तुमचा त्याच्यावर जीव होता. तुमच्या मनाला लागलंय. अकरा वर्षं जो आवाज ऐकला तो बंद झाल्यावरही कानात वाजतो, मिस्त्री, होतं असं. बंद इंजिनाचा आवाज मी अहवालात लिहू शकत नाही. तो लिहिला तर तेल कुठून आलं, शिक्का कुणी तपासला, हे सगळं विचारतील. तुम्ही जाल, हा पोरगा जाईल, मीही जाईन. आणि भावसिंग परत येणार आहे का?"

"मले धाडा ना जेलात," मोहिउद्दीन म्हणाला. तो आता रडत होता. "मी कायले आलो मंग? मले धाडा. फक्त थे दारूचं पुसा."

"घरी जा. आराम करा."

"मी सही करनार नाई."

"नका करू. बाबुलालच्या सहीवर चालेल." साहेबांनी दुसरी प्रत उचलली, घडी घातली आणि पुढं केली. "ही नक्कल मयताच्या घरी द्यायची असते. तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर देऊन या."

तो कागद घेऊन मोहिउद्दीन तांड्याच्या वाटेला लागला. फाडून टाकावा असं दोनदा त्याच्या मनात आलं. पण कागद नाही म्हटलं तर सुखीबाई काय समजणार, बुढीला काय सांगणार? पाय पुढं पडत होते, डोकं चालत नव्हतं. वाटेत तो खांब लागला. नवा कप कोणी तरी बसवला होता. तो मान खाली घालून पुढं गेला.

अंगणात सगळे वाट बघतच होते. सुखीबाईनं आज आत जाऊन जमनाबाईला धरून बाहेर आणलं होतं आणि झोपडीच्या मेढीला टेकवून बसवलं होतं. बुढीचे ओठ कोरडे पडले होते. शेजारच्या बायका, दोन-चार म्हातारे, नायक भीमसिंग. कोणाला अक्षर येत नव्हतं.

"सांगतलं?" सुखीबाईनं विचारलं.

"सांगतलं," मोहिउद्दीन म्हणाला. ते खरं होतं.

"लिवलं?"

त्यानं हातातला कागद उघडला. वरती सरकारी शिक्का, खाली बाबुलालची वळणदार सही. मधल्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं, 'मयत इसम दारूच्या नशेत'. जमनाबाईनं मान उचलली होती आणि ती त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"वाच," ती म्हणाली.

मोहिउद्दीननं कागद डोळ्यांसमोर धरला. आणि वाचला. "मयत इसम भावसिंग, राहनार तांडा, हा पूर्न शुद्धीत होता. त्यानं दारू घेतलेली नव्हती. त्यानं कामाच्या रीतीपरमानं इंजिन बंद झाल्याचं ऐकूनच खंब्यावर पाय ठेवला. त्याची काई चूक नाई. चूक इंजिन चालवनारा मोहिउद्दीन मिस्त्री याची. त्यानं निरोप देला नाई, अन् कोनाले न सांगता इंजिन लावलं." कागदावर नसलेलं हे सगळं तो न अडखळता वाचत गेला.



"फिरून वाच," जमनाबाई म्हणाली.

त्यानं फिरून वाचलं. तेच शब्द जसेच्या तसे यावेत म्हणून त्याला घाम फुटला.

"माह्या डोक्यावरचा हात त्यानं खोटा केला नाई," बुढी म्हणाली, आणि पाच दिवसांत पहिल्यांदा रडली. मोठ्यानं, छाती बडवून, बंजाऱ्यांच्या बायका रडतात तशी ओळी म्हणत रडली. सुखीबाई तिला धरून रडली. मग कोणी तरी दूध-भाकरी कुस्करून आणली. बुढीनं एक घास घेतला, मग दुसरा. सुखीबाईनं मोहिउद्दीनकडं पाहिलं आणि त्याच्यापुढं पाण्याचा लोटा ठेवला.

मोहिउद्दीननं कागदाची घडी घालायला घेतली. "हे माह्यापाशीच राहू द्या," तो म्हणाला. "सांभाळून ठेवतो."

"तुमच्यापाशी कायले?" भीमसिंग नायकानं कागद त्याच्या हातातून काढून घेतला. शिक्क्यावरून अंगठा फिरवला, छाती पुढं काढली. "पुऱ्या गावानं आमच्या तांड्याले दारूडा म्हन्लं चार दिवस. उद्या मंगळवारचा बाजार हाये. मास्तरले पारावर उभा करतो अन् हा कागद मोठ्यानं वाचून घेतो. समद्या गावासमोर. बुढीले बी गाडीत घालून नेतो, तिले आयकू द्या."

"हौ, मी येतो," जमनाबाई म्हणाली आणि तिनं भाकरीसाठी पुन्हा हात पुढं केला.